पहिलं जुनं घड्याळ: अमेरिकन, जर्मन की जपानी?

पंचवटीतला, भद्रकालीतला एखादा वाडा उतरला की दारं-खांबांबरोबर भिंतीवरचं चावीचं घड्याळही बाहेर पडतं. ओळखीतून ते हाती लागलं तर उत्तमच. नाहीतर नाशिककर मुंबईचा चोरबाजार गाठतात, किंवा पुण्याचा जुना बाजार. घेणारा बहुधा पहिल्यांदा विचारतो, "खरं अँटिक आहे ना?" मी आधी विचारतो, हे उघडून साफ करणारा घड्याळजी गावात कोण आहे? दुरुस्तीला माणूस नसेल तर कितीही देखणं घड्याळ दोन वर्षांत मुकं होतं.

लंबकाच्या घड्याळांत आपल्यासमोर मुख्यतः तीन घराणी येतात.

अमेरिकन म्हणजे अन्सोनिया, सेथ थॉमस. आठकोनी चेहरा आणि खाली लंबकाची काचेची खिडकी, हे रूप आपल्या डोळ्यांत बसलेलं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला अन्सोनियाचा जुना कारखाना १९३०च्या आसपास संपला आणि त्याची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाकडे गेली. म्हणजे तिथलं खरं घड्याळ आज शंभरीला टेकलेलं किंवा ओलांडलेलं असणार. पण याच नावाच्या छापील तबकड्या नव्या पेट्यांवर चिकटवलेल्याही खूप दिसतात. दुसरी अडचण मशीनची. यातल्या बहुतेकांची स्प्रिंग उघडी असते, डबीत बंद नसते. ती तुटली तर शेजारच्या चाकाचे दात घेऊन जाते.

जर्मन घड्याळावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो. गुस्ताव बेकरने १८४७ मध्ये सायलेशियातल्या फ्रायबुर्गला, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, काम सुरू केलं. मशीनच्या मागच्या पत्र्यावर मुकुट, नांगर आणि जी-बी ही अक्षरं असतात. तिथल्या क्रमांकावरून घड्याळाचं साल बरंच जवळपास काढता येतं. युंगहान्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या मशीनवर तारा आणि त्यात जे. स्प्रिंग सहसा पितळी डबीत बंद, त्यामुळे तुटली तरी नुकसान कमी. उंच पेटी, बाजूलाही काच, आणि ठोका असा की घुमत घुमत विरतो. नारोशंकर मंदिराच्या मोठ्या घंटेसारखा दणका नाही, पण रात्री शेजारच्या खोलीत ऐकला तरी बरं वाटतं. महाग पडतं, आणि पेटीवरचे कोरीव तुरे, खालचे लाकडी गोंडे बऱ्याचदा नंतर बसवलेले असतात.

जपानी म्हणजे मुख्यतः सेकोशा. किंतारो हात्तोरींनी हा कारखाना १८९२ मध्ये टोकियोत काढला आणि सुरुवात भिंतीवरच्या घड्याळांनीच केली. रूप बरंचसं अमेरिकन, मशीन साधं. जुन्या घड्याळजीने असली डझनांनी उघडलेली असतात. एखादं चाक हवं असेल तर दुसऱ्या मोडक्या घड्याळातून मिळून जातं. मात्र यातली पुष्कळशी १९३०नंतरची, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यातली अट १०० वर्षांची आहे. विकणारा 'अँटिक' म्हणून भाव लावत असेल तर हे त्याला सांगा.

काचेच्या घुमटातलं, एकदा चावी दिली की चारशे दिवस चालणारं घड्याळ पहिलं म्हणून घेऊ नका. जरा धक्का लागला की थांबतं, आणि त्याची केसासारखी तार बदलणारा सापडत नाही.

म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी जपानीच सुचवतो. जर्मन घ्यायचं असेल तर घड्याळजी आधी पक्का करा, आणि ठरवलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा साफसफाईसाठी बाजूला ठेवा.

दुकानात तबकडी नंतर बघा, आधी पेटीची मागची फळी बघा. स्क्रूची जास्तीची भोकं दिसली तर मशीन बहुधा दुसरीकडून आणून बसवलेलं आहे. चावीची भोकं तबकडीवर मशीनच्या दांड्यांशी बरोबर जुळतात का, तेही पाहा. मग मोठा काटा सावकाश पुढे फिरवा, प्रत्येक तासाला थांबून ठोके पुरे होऊ द्या आणि मोजा. उलटा फिरवू नका. घरी आणताना लंबक काढून वेगळा गुंडाळा. कसारा घाट चढेपर्यंत तो आत लोंबकळत राहिला तर त्याला टांगणारी वरची नाजूक पट्टी वाकते.

फ्लॅटमध्ये रात्रीचे ठोके नको असतील तर ठोक्यांच्या बाजूला चावी न देणं बऱ्याच घड्याळांत चालतं. काहींत मात्र बारानंतर एकला काटे अडकतात, तेव्हा घड्याळजीला विचारून घ्या.

माझं पहिलं घड्याळ रोज तासाभरात थांबायचं. दोनदा दुरुस्तीला दिलं, पैसे गेले. शेवटी एका म्हाताऱ्या घड्याळजीने घरी येऊन नुसतं ऐकलं आणि पेटीचं खालचं टोक बोटभर डावीकडे सरकवलं. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं झालं, घड्याळ चालू राहिलं. टांगल्यावर डोळे मिटून हे अंतर ऐका. भिंतीवर पेटी सरळ दिसते की नाही, ते त्यानंतर.

नाशकात जानेवारीचा गारठा आणि मेचं ऊन यांत फरक मोठा. पोलादी दांडीचा लंबक १५ अंश तापमान वाढलं की दिवसाला सुमारे ८ सेकंद, म्हणजे आठवड्याला जवळपास मिनिटभर मागे पडतो. लाकडी दांडी असेल तर बरंच कमी. आमच्याकडे होळीनंतर लंबकाखालचा नट किंचित वर फिरवतो आणि दिवाळीनंतर तेवढाच खाली.