स्पेस इंजिनिअर्स: यंत्रं दमदार, पण दुखणं स्वतःच शोधावं लागतं

'स्पेस इंजिनिअर्स' या ठोकळे (ब्लॉक) जोडून यंत्रं बांधायच्या गेममध्ये टायमर ब्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळाने कृती करणारे ठोकळे, पूर्वीपासून होते. 2023 च्या 'ऑटोमॅटन्स' अपडेटमध्ये इव्हेंट कंट्रोलर (अट पूर्ण झाली की कृती करणारा ब्लॉक) आणि यान आपोआप चालवणारे एआय ब्लॉक आले, आणि कोडची एकही ओळ न लिहिता अख्खी खाण चालवता येऊ लागली. या बाबतीत गेमला पैकीच्या पैकी गुण. मोठी उणीव अशी, की यंत्र बंद पडलं तर का पडलं हे गेम धड सांगत नाही.

ड्रिल रिग, म्हणजे पुढे सरकणाऱ्या पिस्टनच्या टोकाला ड्रिल लावलेलं खोदयंत्र, थरथरते, मग ड्रिल फुटतात. दहापैकी नऊ वेळा दोष वेगाचा असतो. एकापुढे एक जोडलेल्या पिस्टनच्या वेगांची बेरीज होते: तीन पिस्टन 0.1 वर असले, तर टोकाचं ड्रिल सेकंदाला 0.3 मीटर पुढे सरकतं. खोदून होण्याआधीच ते दगडावर रेटलं जातं. एकूण वेग 0.1 पेक्षा कमी ठेवून सुरुवात करा. नुसती थरथर असेल, तर पिस्टनच्या सेटिंगमधला 'शेअर इनर्शिया टेन्सर' हा थरथर कमी करणारा पर्याय चालू करून पाहा.

वेग बरोबर असूनही ड्रिल फुटत असतील तर खोदलेला माल साठवणारा कंटेनर तपासा. माल जायला जागा उरली नाही की खोदकाम थांबतं, पिस्टन मात्र ढकलतच राहतो. इव्हेंट कंट्रोलरला कंटेनर किती भरला यावर नजर ठेवायला लावा आणि मर्यादा 80 टक्के द्या. त्याच्या पहिल्या खान्यातली कृती अट पूर्ण झाल्यावर चालते, दुसऱ्यातली अट मोडल्यावर. पहिल्यात पिस्टन बंद, दुसऱ्यात चालू. हे दोन खाने उलटे भरणं ही सर्रास होणारी चूक आहे.

दगड गाळल्यावर लोखंड, निकेल, सिलिकॉन मिळतं, सोबत खडीही साचते. सॉर्टरच्या (माल निवडून पुढे पाठवणाऱ्या ब्लॉकच्या) व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, खडी टाका, माल ओढून घेणारं 'ड्रेन ऑल' चालू करा आणि पुढच्या कनेक्टरवर माल बाहेर फेकणारं 'थ्रो आउट' लावा. सॉर्टरला दिशा असते. उलटा बसला तर माल पुढे सरकत नाही. आणि सगळी खडी फेकू नका, रिअॅक्टरच्या सुट्या भागांना ती लागते.

टायमरच्या पट्टीवरच्या कृती एकदमच सुटतात, क्रमाने नाही. 'आधी वेल्डर (जोडकाम करणारा ब्लॉक), मग पिस्टन' हवं असेल तर दोन टायमर लागतात. पहिल्या टायमरमधून दुसऱ्याला 'स्टार्ट' द्या; 'ट्रिगर नाऊ' दिलं तर तो ठरलेला वेळ न थांबता लगेच सुटतो.

लहान ग्रिडवर (लहान आकाराच्या ब्लॉकच्या बांधणीवर) 'मोटर' किंवा 'मोठी पोलादी नळी' हे सुटे भाग वाटेत अडले, तर माल वाहणाऱ्या कन्व्हेयरची अरुंद नळी शोधा. तिच्यातून फक्त लहान वस्तू जातात. सगळं जोडलेलं दिसतं, म्हणून इथे तासन्‌तास वाया जातात. टर्मिनलमध्ये (ब्लॉकच्या सेटिंगच्या पडद्यावर) 'ही वस्तू या नळीत मावत नाही' एवढी एक ओळ आली असती तरी पुरलं असतं.

एआय ड्रोन जागचा हलत नसेल, तर आधी फ्लाइट आणि टास्क या दोन्ही ब्लॉकचं वर्तन चालू आहे का ते पाहा, मग यान वळवणारा जायरो, मग सहाही दिशांचे थ्रस्टर (यान ढकलणारी इंजिनं).