टिळकवाडीतला संध्याकाळचा इंग्रजी वर्ग: नोकरदारांनी जरूर लावावा

मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. पुण्याकडच्या गिऱ्हाइकांचे मेल, ऑर्डरी, सगळं इंग्रजीत. म्हणून टिळकवाडीतला हा नोकरदारांचा वर्ग लावला. मॅडम मराठी नि कानडी दोन्हीत समजावून सांगतात, त्यामुळे खानापूरचा नि बैलहोंगलचा पोरगा एकाच बाकावर बसून शिकतो.

इथे पाठ्यपुस्तक नाही. आपल्या कामाचे कागद आणायचे, त्यावरच शिकवणी. माझ्या ऑर्डरीत ‘कंटिन्जन्सी’ शब्द होता, त्यावर मॅडमनी अख्खा तास घेतला. घडेलच असं नाही, पण घडलं तर पंचाईत नको म्हणून जिची आधीच तजवीज करायची, ती कंटिन्जन्सी. उदाहरण 2019 च्या ऑगस्टचं. पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि ट्रक दिवसेंदिवस अडकून राहिले. रस्त्यावर पाणी चढलं ती ‘इमर्जन्सी’. पावसाळ्यात असं होऊ शकतं हे धरून जादा माल आधीच पुण्याच्या गोडाऊनला पोचवायचा, हा ‘कंटिन्जन्सी प्लॅन’. आमच्यातल्या एका कंत्राटदारानं लगेच सांगितलं, एस्टिमेटच्या शेवटी तीन-पाच टक्के धरतात ते हेच की! मॅडमनी त्याला जोडून घटनेतलं कलम 267 सांगितलं: केंद्राचा आकस्मिकता निधी, जो 2021 मध्ये 500 कोटींवरून 30,000 कोटींवर नेला.

खरी कामाची गोष्ट पुढे आली. ‘डिलिव्हरी इज कंटिन्जंट अपॉन अ‍ॅडव्हान्स’ असं कुणी लिहिलं, तर त्यात अचानक काही घडण्याचा संबंध नाही. अ‍ॅडव्हान्स आला तरच माल, एवढाच अर्थ. ही अट ज्याला वाचता येत नाही त्यानं गाडी भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उच्चारही घोटून घेतला, जोर ‘टिन’वर.

उणीव म्हणजे बॅच फार मोठी. मागे बसलं तर फळ्यावरचं बारीक अक्षर दिसत नाही, आणि बोलायची पाळी क्वचित येते. बँकेच्या परीक्षेसाठी व्याकरण हवं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं, इथे ते वरवर होतं.

शिफ्ट सुटल्यावर येणाऱ्यांसाठी उशिराची बॅच आहे, तिला गर्दी थोडी कमी असते. नाव घालायला जाताना आपली एखादी ऑर्डर किंवा करारपत्र सोबत न्या, मॅडम तिथेच वाचायला लावतात.