आर्म प्लिंथवरच की वेगळ्या पॉडवर?

गॅरार्ड 401 हा जुना इंग्लिश टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही, कारण स्विंडनच्या कारखान्यातून ते यंत्र बाहेर पडायचं तेच मुळी आर्म (पिन धरणारा दांडा) आणि प्लिंथ (यंत्र बसवायची लाकडी बैठक) यांच्याशिवाय. कुणी आधीच बसवलेला सेट मला मिळाला असता तर ही उठाठेव मी केली नसती. हाती आलं ते नुसतं धूड. त्यामुळे दोन्ही प्रकार करून झाले: तीन वर्षं आर्म स्वतंत्र पितळी पॉडवर, म्हणजे यंत्राशेजारी सुट्या उभ्या ठोकळ्यावर, आणि आता दोन वर्षं प्लिंथमध्येच. आर्म दोन्ही वेळी तोच, एसएमई 3009 सिरीज टू. कार्ट्रिजही (पिन बसवलेली डबी) तेच, फोनो स्टेजही (तिचा क्षीण सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) तोच.

आर्म वेगळा उभा करण्यामागचा विचार चुकीचा नाही, हे आधी सांगतो. 401 आयडलरवर चालतो, म्हणजे मोटर एका रबरी चाकामार्फत तबकडी फिरवते. मोटर चार पोलची, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झवर सेकंदाला जेमतेम पंचवीस फेरे. ती स्प्रिंगांवर टांगलेली असली तरी तिची घरघर थोडीफार चासीत (यंत्राच्या धातूच्या सांगाड्यात) उतरते, चासीतून प्लिंथमध्ये आणि प्लिंथमधून आर्मच्या बुडात. आर्मला स्वतःचे पाय दिले की निदान ही वाट बंद होते. खुद्द एसएमईवाल्यांनाही ही शंका असावी. माझ्या आर्मच्या पायात स्क्रूंच्या भोकांत रबरी ग्रोमेट (कंपन अडवणाऱ्या कड्या) आहेत.

पण यात एक गोम आहे. कार्ट्रिजला प्लिंथ हलतोय की जमीन, हे कळत नाही. पिन आणि कार्ट्रिजचं अंग एकमेकांच्या तुलनेत किती हललं, एवढंच त्याला कळतं आणि तेवढंच ते स्पीकरकडे पाठवतं. एका होडीत बसलेली दोन माणसं चहाचा कप एकमेकांना सहज देतात. एक होडीत आणि एक धक्क्यावर असेल तर अर्धा चहा पाण्यात. एडगर व्हिल्चरने 1961 मध्ये एआर कंपनीचा टर्नटेबल केला तेव्हा आर्म आणि प्लॅटरचं (रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीचं) बेअरिंग एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर टांगली. लिन कंपनीचा एलपी 12 हा टर्नटेबलही त्याच वळणावरचा. त्यांनी दोघांची गाठ सोडली नाही, दोघांना मिळून घरापासून तोडलं.

मी हे सगळं वाचलेलं होतं, तरी पॉडच केला. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पितळेचा दंडगोल उतरवून घेतला, पाच किलोच्या वर भरला, खाली तीन टोकदार पाय. दिसायला देखणा, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सागवानी टेबल, त्यावर कडप्प्याची लादी. आता पहिली पंचाईत बघा. पॉड आणि 401 एकाच लादीवर ठेवले तर मी वेगळं काय केलं? लादीतून घरघर जायची ती जातेच. दोन लाद्या घेतल्या तर प्रत्येक लादी आपापल्या तालावर. शेवटी लादी एकच ठेवली आणि 401 च्या खाली सॉर्बोथेन (कंपन शोषणारं मऊ रबरासारखं द्रव्य) घातलं.

ऐकायला कसं होतं? चांगलं होतं. भीमसेनजींच्या जुन्या एलपीत पहिल्या आलापाआधी नुसता तानपुरा असतो ना, तिथे मला फरक वाटला. खर्जाच्या तारेमागे एरवी जो धुरकटपणा असतो, तो पॉडवर थोडा विरळ झाला होता. हा माझ्या कानांचा कौल आहे, आणि नव्याने पैसे घातलेल्या माणसाचे कान किती प्रामाणिक असतात ते तुम्हाला माहीत आहेच. थांबलेल्या रेकॉर्डवर पिन टेकवून, आवाज वाढवून टिचक्या मारायचा खेळही केला. प्लिंथवर टिचकी मारली तर पॉडवरून खरंच कमी ‘ठक’ यायचं. टेबलावर मारली तर मात्र जास्त, आणि जरा लोंबकळत. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्ता घेतला की वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा आत-बाहेर डुलायचा.

एवढ्यावर मी पॉड सोडला नसता. खलबत्ता काही रोज नसतो.

मला पॉडने छळलं ते अंतराने. 3009 ला पिव्हट (आर्म ज्यावर फिरतो तो बिंदू) ते स्पिंडल (प्लॅटरच्या मधली खुंटी) 215.4 मिमी लागतात. प्लिंथमध्ये आर्म असेल तर हे अंतर सुतार एकदा ठरवतो आणि मग तुम्ही ते विसरता. पॉडवर ते रोजच्या व्यवहारावर सोडलेलं असतं. पाच किलोची वस्तू आपोआप कशाला सरकेल, असं मलाही वाटायचं. पण बेअरिंगमध्ये तेल घालायला प्लॅटर उचलताना कोपर लागतं. मावशी फडकं मारतात, आणि धूळ पॉडच्या मागे साचलेली असेल तर पॉड उचलून पुसतात. त्यांचं काही चुकत नाही, मीच त्यांना कोपरे नीट पुसा म्हणून सांगितलेलं. ठेवताना तो दीड-दोन मिमी इकडे-तिकडे ठेवला जातो, शिवाय जरासा फिरवूनही.

आणि हे डोळ्यांना दिसत नाही. रेकॉर्डच्या कडेला ऐकूही येत नाही, कारण तिथे पिनखालून सेकंदाला सुमारे 51 सेंमी खोबण सरकते. शेवटच्या पदापर्यंत ती 21 सेंमीवर येते. म्हणजे 7 किलोहर्ट्झचा सकार तिथे 30 मायक्रॉनमध्ये कोंबलेला असतो. अंतर चुकून पिनेचा खोबणीशी असलेला कोन बिघडला की नेमका तिथे ‘स’चा ‘श’ होतो. नाट्यगीतांच्या एका एलपीत शेवटच्या पदातली ‘सखी’ मला एके संध्याकाळी ‘शखी’ ऐकू आली. उठलो, प्रोट्रॅक्टर (हा कोन जुळवायची पट्टी) काढला, पॉड हलवला, पुन्हा लावली. पुन्हा ‘शखी’. हिशोबाने एवढ्या फरकाने इतकं बिघडू नये, असंही कुणी म्हणेल. असेल. पण एकदा शंका शिरली की प्रत्येक बाजूच्या शेवटी मी गाणं ऐकायचं सोडून सकार मोजत बसायचो. दर रविवारी प्रोट्रॅक्टर. लादीवर पेन्सिलने पॉडचा घेर आखून ठेवला, तोही पुसला गेला. अर्थात फडक्यानेच.

बाकी कुरबुरी लहान. झाकण बसत नाही, आणि पुण्याच्या धुळीत झाकण लागतंच. पितळाला अर्थिंग दिलं नाही तर हात लावताच स्पीकरमधून हम, म्हणजे विजेची गुणगुण.

मधला मार्ग म्हणजे आर्मबोर्डखाली (प्लिंथमधल्या आर्मच्या फळीखाली) कॉर्क किंवा रबर. सायकलच्या ट्यूबचं रबर घालून पंधरा दिवस ऐकलं. खर्ज गुबगुबीत झाला, तबल्याच्या डग्ग्याची कड गेली. काढून टाकलं. कुणाला तेच आवडेल.

आता बर्च प्लायचे थर चिकटवून केलेला जड प्लिंथ आहे, आर्म त्यातच घट्ट, ग्रोमेट काढून. सॉर्बोथेनही गेलं, अख्खा प्लिंथ कडप्प्यावर आणि कडप्प्याखाली स्प्रिंगचे पाय. तानपुऱ्यामागचा तो धुरकटपणा किंचित परत आलाय, असं शांत रात्री वाटतं. दिवसा वाटत नाही. मोटरच्या स्प्रिंगा नीट लेव्हल केल्या आणि आयडलरचं झिजलेलं चाक बदललं, तेव्हा जितकी घरघर कमी झाली तितकी पॉडने कधीच केली नव्हती. म्हणून पॉडचा विचार करणाऱ्याला मी आधी चाक तपासायला सांगेन.

तुमचं घर तळमजल्यावर असेल, खाली फरशी जमिनीलाच टेकलेली असेल, यंत्राला तुमच्याशिवाय कुणी हात लावत नसेल, आणि दोन-तीन आर्म अदलून-बदलून लावायची हौस असेल, तर पॉड जरूर करा. बारा इंची आर्म हवा आणि प्लिंथ कापायचा नाही, त्यालाही पॉडच सोयीचा. ज्याला संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर नुसती रेकॉर्ड लावायची आहे, त्याने माझ्या मते सुतार गाठावा.

माझा पॉड विकलेला नाही. तो आता 401 च्या मागच्या अंगाला उभा आहे. त्यावर एक जुना स्वस्तातला आर्म आणि 78 ची जाड पिन. लाखेच्या रेकॉर्डींची खोबण रुंद, शिवाय खरखर इतकी की तो कितीही सरकला तरी मला अजून एकदाही कळलेलं नाही.