ज्युडो ड्रेस: सिंगल वीव्ह की डबल वीव्ह? बेळगावच्या पावसाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात घेतलेले दोन ज्युडो ड्रेस, एक सिंगल वीव्ह (पातळ विणीचा) आणि एक डबल (जाड विणीचा), आलटून पालटून वापरात आहेत. मधे बेळगावचा अख्खा पावसाळा गेला. दोन्ही पांढरे, शंभर टक्के सुती. सिंगलचं कापड साधारण ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर, डबलचं ७५०. यातला कुठला घ्यावा हे ठरवण्याआधी आपण ज्युडो कशासाठी शिकतोय ते पक्कं करा. दुकानात उंची विचारतात, हे कुणी विचारत नाही.

स्पर्धा खेळायची असेल तर डबलला पर्याय नाही. त्याची कॉलर जाड आणि कडक असते, मुठीत सहज चुरगळत नाही. सगळा सराव पातळ कॉलरवर केलेल्याची पकड स्पर्धेत जाड कॉलरवर लवकर सुटते, कारण आधी बोटं आणि मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो. आमच्या भागातल्या मुलींना स्पर्धेचं स्वप्न पडायला कारणही आहे. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (मध्य आशियातली कुस्ती) ५२ किलो गटात कांस्यपदक आणलं. कुराशही जॅकेट धरूनच खेळतात.

वजन उतरवणं, दम वाढवणं एवढाच हेतू असेल तर सिंगल पुरे. हलका असतो, घाम लवकर सुकतो आणि महत्त्वाचं म्हणजे धुतल्यावर लवकर वाळतो.

स्वसंरक्षणासाठी येणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं. ज्युडोत ठोसे-लाथा शिकवत नाहीत, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या अंगात जाड सुती जॅकेट नसतं, पातळ शर्ट ओढला की फाटतो. त्यामुळे कॉलरशिवाय मनगट, दंड आणि मान धरूनही तेच डाव घोटावे लागतात. तरीही या हेतूने ज्युडो शिकावाच असं मी म्हणेन, कारण इथे पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकते त्याच क्षणी हात अंगापासून साधारण ४५ अंशांत ठेवून पूर्ण तळहातासह मॅटवर आपटायचा. हात काटकोनात पसरला की खांद्याला झटका बसतो. मागे टेकवायला गेला की मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं. शेवाळलेल्या पायरीवरून किंवा गाडीवरून घसरणाऱ्याच्या हे आयुष्यभर कामी येतं. पडण्याच्या सरावालाही सिंगलच बरा.

तालमीतून येणाऱ्या पोरांचा हेतू बहुतेक वेळा मॅटची सवय हा असतो. धोबीपछाड येणाऱ्याला खांद्यावरची फेक पटकन जमते. अडतं ते पट काढण्यापाशी, म्हणजे समोरच्याचे पाय हातांनी धरून पाडण्यापाशी. आंतरराष्ट्रीय नियमांत पायांवर थेट हात घालायला २०१०पासून आळा बसला आणि २०१३पासून पूर्ण बंदी आली. पट हाच हुकमी डाव असलेल्याने हे आधीच माहीत करून घ्यावं. अशांनी डबल घ्यावा, कारण उघड्या अंगाच्या कुस्तीत कापड धरायची सवयच नसते आणि कडक कॉलर ती लवकर लावते.

आता पावसाळा. इथे खरा फरक दिसला. मृगापासून पुढे इथली हवा अशी दमट की डबल वीव्ह घरात वाळायला दोन ते तीन दिवस लागतात. काखेत आणि कॉलरच्या आत ओल राहते, तिथे कुबट वास येतो, मग काळे ठिपके. ओलसर ड्रेस पुन्हा घातला की नायटा होतो आणि मॅटवरून सगळ्या बॅचला लागतो. त्यामुळे आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस जाणाऱ्याने जूनच्या आधी एका डबलऐवजी दोन सिंगल घ्यावेत. स्पर्धकाने डबलच्या जोडीला एक सिंगल ठेवावा.

धुण्याची पद्धत: घरी आल्या आल्या बॅगेतून बाहेर काढायचा, रात्रभर कोंबून ठेवायचा नाही. थंड पाणी, पावडर नेहमीच्या निम्मी, ड्रेस उलटा करून. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं की वास जातो. ब्लीच नको, सूत कुजतं. गरम पाणी तर अजिबात नको, बाही आखडते. तारेवर न टाकता जाड बांबूवर दोन्ही बाह्या ओवून पंख्याखाली वाळवा, म्हणजे काखेत हवा खेळते.

माप घेताना आटणं धरूनच चाला. पहिल्या तीन धुण्यांत कापड सर्वात जास्त आटतं, म्हणून १६५ सेंटीमीटर उंचीला १७० नंबर. स्पर्धेत बाही आणि हात यांच्यात १० ते १५ सेंटीमीटर मोकळी जागा लागते आणि छातीवर पदर किमान २० सेंटीमीटर चढावा लागतो. डावी बाजू वर. पट्ट्याची टोकं गाठीपासून २० ते ३० सेंटीमीटर. मुलींनी आत साधा पांढरा, गोल गळ्याचा टी-शर्ट घालावा.

झीज कुठे झाली? सिंगलची काखेतली शिवण सर्वात आधी उसवली, मग पँटचे गुडघे विरले. डबलची कॉलर अजून टणक आहे, फक्त पँटची नाडी तुटली. ड्रेस नवा असतानाच शिंप्याकडून काखेत चौकोनी ठिगळ आणि गुडघ्यांना आतून दुसरा पदर घालून घ्या. ठिगळ सुतीच हवं, आणि तेही आधी भिजवून आटवलेलं. कोरं लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शेजारचं कापड ओढून फाडतं.