वीतभर फाटकं कापड आणि साडेअठरा हजार

लिहू की नको असं दीड महिना चाललंय माझं. डिचोलीत राहून, अख्खा जन्म गोव्यात काढून, गोव्यातच फसलो हे सांगायला लाज वाटते हो. शेजारची काकी तर तोंडावरच म्हणाली, "गोंयकार आसून फसली गे तूं?" आपल्याला वाटतं टुरिस्टच फसतात, टॅक्सीवाल्याकडून नाहीतर बीचवरच्या शॅकमध्ये. पण परवा जे कळलं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून लिहिते आहे. कॅम्पर भाड्याने देणाऱ्या त्या धंदेवाल्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे.

यंदा १९ डिसेंबर, म्हणजे मुक्तिदिन, शुक्रवारी आला. तीन दिवस सलग सुट्टी. दादाचा मंडप डेकोरेशनचा धंदा, डिसेंबरात जत्रांचा सीझन, त्याला एरवी श्वास घ्यायला वेळ नसतो पण नेमके ते तीन दिवस मोकळे निघाले, आणि मुलांनी कुठेतरी व्हिडिओत तो पॉप-अप कॅम्पर बघितलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा एक चपटा पेटीसारखा ट्रेलर असतो, गाडीच्या मागे ओढून न्यायचा, जागेवर गेलं की हँडल फिरवायचं, छप्पर वर चढतं, दोन्ही बाजूंनी पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे आणि मधल्या भिंती म्हणजे सगळं जाड कापड, तंबूचं. दिसायला भारी. दादाच्या बोलेरोला मागे हूक आहेच, मंडपाच्या सामानाची ट्रॉली तो त्यानेच ओढतो. म्हापशाच्या बाजूला एकजण असे कॅम्पर भाड्याने देतो असं कळलं, फोन केला, रात्रीचे ४,५०० म्हणजे तीन रात्रींचे १३,५०० आणि वर २०,००० डिपॉझिट. डिपॉझिट ऐकून नवरा जरा थबकला पण मीच म्हटलं परत मिळणारच आहे की. हे वाक्य माझं आहे हे तो मला रोज आठवण करून देतो.

जागेचं म्हणाल तर मुलांना गालजीबागचा समुद्रच हवा होता. पण तिथे कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याचे लोक किनाऱ्यावर असतात, आणि शिवाय २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडली की दंड असा कायदाच झालेला, मग कशाला. वहिनीचं माहेर काणकोणात गावडोंगरीला, त्यांचं कुळागर आहे, पोफळी, केळी, मधून वाहणारा पाट, तिथेच लावू म्हटलं. जागा घरची, परवानगीचा प्रश्न नाही, मासळी वहिनीची आई पाठवणार. सगळं इतकं छान जमून आलं की कॅम्परकडे कोणी नीट बघितलंच नाही.

गुरुवारी संध्याकाळी ताब्यात घ्यायचा ठरला. तो शेवटचा मार्गशीर्ष गुरुवार, माझं उद्यापन, सवाष्णी येऊन जाईपर्यंत साडेपाच झाले, त्यात सासूबाई म्हणतात उद्या अमावास्या लागते आणि तुम्ही कुठे निघालात, या सगळ्यातून निघून तिथे पोचेपर्यंत सात. काळोख. दादा म्हणाला उघडून दाखवा. तर तो माणूस किती गोड बोलतो, "ताई, आता उघडला तर परत घडी घालायला तास जाईल, आणि दव पडायला लागलंय, कापड ओलं असताना मिटलं की बुरशी येते, तुमच्याच मुलांना वास येईल." आणि हे खरं आहे! दादाही मान हलवायला लागला, मंडपाच्या कापडाचंही तेच असतं, ओलं बांधून ठेवलं की गेलं. खोटं बोलला असता तर दादाने पकडलं असतं, पण तो खऱ्याच्याच आड लपला. मग टॉर्चच्या उजेडात चाकं बघितली, दिव्यांची पिन जोडून बघितली, आणि एका इंग्रजी फॉर्मवर नवऱ्याने सही केली. त्यात सहीच्या वरच बारीक अक्षरात लिहिलेलं की वस्तू पूर्ण तपासून, सुस्थितीत मिळाली. न उघडलेली वस्तू पूर्ण तपासली म्हणून सही. आम्ही दोघंही ग्रॅज्युएट आहोत.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक, ट्रेलरला नंबर प्लेटच नाही. विचारलं तर म्हणे ट्रेलरला लागत नाही. अहो लागते, ट्रेलरचंही रजिस्ट्रेशन असतं, दादाच्या गंजक्या ट्रॉलीला आहे! आपल्याकडे भाड्याच्या स्कूटरलासुद्धा काळी पाटी पिवळी अक्षरं असल्याशिवाय पोलीस सोडत नाहीत, आणि आम्ही बिनपाटीचा आख्खा ट्रेलर म्हापशापासून काणकोणापर्यंत नेला. दुसरं, पैसे यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. तो म्हणाला मिसेसचं अकाउंट आहे, धंद्याचं जरा बंद आहे. पावती? व्हॉट्सॲपवर पाठवतो. आणि वर हसून, "आपल्याच मनशाक फटयतलों हांव?" आपल्याच माणसाला फसवेन का मी, म्हणे. आता तुम्हीच सांगा, असं विचारणाऱ्याला हो कोण म्हणेल.

शुक्रवारी पहाटे निघालो, फोंडा, मडगाव करत. करमल घाटात दादाने बोलेरो इतकी हळू घेतली की मागे बसची रांग लागली. दहाला पोचलो. उघडायला दादाला पंधरा मिनिटं लागली, पहिल्यांदाच हात लावत होता तरी. पंधरा मिनिटं, तास नाही. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. दिवस मात्र मस्त गेला, खोटं कशाला बोलू, मुलं पाटात डुंबली, आम्ही चूल पेटवली.

रात्री अमावास्येचा मिट्ट काळोख. सगळे आडवे झालो आणि धाकटी म्हणते, "आई, इथून चांदणी दिसते." मी म्हटलं जाळीच्या खिडकीतून दिसत असेल. नाही म्हणे, कोपऱ्यातून. टॉर्च मारला तर पलंगाचं कापड छपराला जिथे मिळतं तिथे आतल्या घडीत वीतभर फाटलेलं. गादी दवाने ओली व्हायला लागलेली. दादाने बोट फिरवून बघितलं आणि लगेच म्हणाला, हे आजचं नाही, कडा काळ्या पडल्यात, दोरे झिजलेत, ताजं फाटलं असतं तर कड पांढरी दिसते. त्याचा जन्म कापडात गेलाय. मी फोटो काढले, पण खाली रेंज नाही, नवरा आणि मी काळोखात वर रस्त्यापर्यंत चालत गेलो, पाठवले, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं, "अरे ताई तो जुना कट आहे, माहीत आहे, नो टेन्शन, एन्जॉय करा." हुश्श झालं. शांतपणे येऊन झोपलो, फाटक्याखाली बादली ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला राहवेना. गाडीत दाभण, मेण लावलेला दोरा, रेक्झिनचे तुकडे असतातच त्याच्याकडे, त्याने मरून रेक्झिनचं ठिगळ घेऊन दुहेरी टाका घालून असं शिवलं की पाणी ओतलं तरी आत येणार नाही. म्हणाला बिचाऱ्याचं काम झालं, पुढच्याला त्रास नको. बिचाऱ्याचं! दुपारी महिनाभराचं मार्गशीर्षाचं व्रत संपल्याच्या आनंदात बांगडे आणि सुक्या सुंगटांची किसमूर, आणि आम्ही सगळे त्या माणसाचे गुण गात जेवलो की बघा किती समजूतदार, एका शब्दाने वाद घातला नाही.

रविवारी संध्याकाळी परत द्यायला गेलो. पुन्हा सातच. पण या वेळी त्याला ना दव आठवलं ना बुरशी. डोक्याला लावायचा टॉर्च घालूनच उभा होता. हँडल फिरवलं, एकच पलंग ओढला, नेमका तोच, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात हात घातला. "हे काय केलंत ताई?" मला पहिल्यांदा वाटलं ठिगळाबद्दल विचारतोय, मी कौतुकाने सांगायला लागले की दादाने शिवून दिलं. तर तो म्हणे म्हणजे तुम्ही कबूल करता ना तुमच्याकडे फाटलं, नाहीतर तुम्ही शिवलं कशाला? अख्खं पॅनेल बदलावं लागणार १६,०००, साफसफाई १,५००, उशीर झाला म्हणून १,०००. साडेअठरा हजार कापून १,५०० परत करतो. उशीर किती तर वीस मिनिटं.

मी म्हटलं थांब, तुझा मेसेज आहे माझ्याकडे. मोबाईल काढला. चॅट उघडलं. रिकामं.

मला वाटलं माझ्याकडूनच डिलीट झालं काहीतरी. मग थोरल्याने बघून सांगितलं की आई, यात मेसेज गायब होण्याचं सेटिंग चालू केलंय, २४ तासांवर. वर चॅटमध्ये बारीक करड्या अक्षरात तशी ओळ होती, पहिल्याच दिवशी त्याने चालू केलेलं, मी वाचलंच नव्हतं. म्हणजे शुक्रवारी रात्रीचा "जुना कट" शनिवारी रात्रीच विरघळला. फोटो माझ्या गॅलरीत राहिले, पण त्यावर तारीख शुक्रवारची, आणि फॉर्मवर सुस्थितीत मिळाल्याची सही गुरुवारची. म्हणजे माझेच फोटो त्याच्या बाजूने बोलायला लागले. एक स्क्रीनशॉट काढला असता तर! एक बोट दाबायचं काम होतं. म्हणून सांगते, भाड्याने काहीही घ्या, फोन करून ठरवताना गोड वाटलं तरी चॅटच्या वरती काय लिहिलंय ते आधी वाचा, त्याने हो म्हटलेलं प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे स्क्रीनशॉट करून नवऱ्याला, बहिणीला, कुणालाही पाठवून ठेवा, आणि घडी घातलेली वस्तू घडीतच ताब्यात घेऊ नका, काळोख असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा, अर्धा दिवस जाऊ दे. आणि पलंग ओढून, प्रत्येक कोपऱ्यात टॉर्च मारून, त्याच्या तोंडासकट व्हिडिओ.

सोमवारी सकाळी १९३० वर फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण तो नंबर ऑनलाइन पैसे उडवले गेले तर, आमचं तसं नव्हतं, आम्ही स्वतःहून, सही करून, पिन टाकून दिलेले. त्यांनीच सांगितलं हे ग्राहक तक्रारीत जाईल, १९१५ वर करा. तिथे तक्रार नोंदवली, त्यांनी त्याला विचारलं, त्याने थंडपणे आमचा सही केलेला फॉर्म पाठवून दिला. मग ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. वकील लागेल, फी लागेल म्हणून घाबरले होते, तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीच नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतं, वकील नसला तरी चालतो. दोन संध्याकाळी गेल्या कागद स्कॅन करण्यात. पण मनातून मला माहीत होतं, हातात पुरावा म्हणावा असा काही नाही. दादाचं म्हणणं की कडा काळ्या होत्या. दादा माझा सख्खा भाऊ, कोण ऐकणार?

आणि मग गेल्या आठवड्यात ऑफिसात मी हे रडगाणं गात होते तर शेजारच्या टेबलावरची म्हणाली, अगं माझ्या मिस्टरांचा मावसभाऊ सावंतवाडीचा, त्यालाही असंच, २६ जानेवारी सोमवारी आली ना, जोडून तीन दिवस घेतला होता त्यांनी कॅम्पर. फोन लावला. तोच माणूस, तीच मिसेस, संध्याकाळी सात, तेच दव. १४,००० कापले. पण हा पठ्ठ्या हुशार, किंवा नशीबवान, त्याने पोचल्यावर उघडल्या उघडल्या सगळीकडून फोटो काढलेले. त्याने ते मला पाठवले.

तोच कोपरा. तीच फट, वीतभर. आणि फटीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या दोन दोन ओळी.

मी फोटो दादाला पाठवला. तो कुठल्यातरी लग्नाच्या मांडवावर होता, दहा मिनिटांत त्याचा उलटा फोन. फोटो मोठा करून बघितला होता त्याने. म्हणाला, ही माझ्या दाभणाची भोकं आहेत, आणि खालच्या टोकाला बघ, दोऱ्याचा तुकडा अजून अडकलाय. मी म्हटलं उसवलं असेल. तर भडकला, माझा टाका उसवत नाही, ब्लेडने कापून काढलाय, ठिगळ सोडवलंय त्याने मुद्दाम. शिवलेलं कापड त्याच्या काय कामाचं? त्या फटीवर तो दर ट्रिपला पंधरा-वीस हजार कमावतो.

सावंतवाडीवाला आता त्याच्या जिल्ह्यातच तक्रार करतोय, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. त्याचे फोटो मी माझ्या तक्रारीला जोडलेत आणि माझे त्याने त्याच्या. आणि दादा काल रात्री घरी आला, त्याचं मंडपाचं बिलबुक घेऊन, त्यावर तारीख घालून लिहून दिलं की शनिवार २० डिसेंबर रोजी गावडोंगरी येथे सदर कापडास मरून रेक्झिनचे एक ठिगळ दुहेरी टाक्याने लावले, मजुरी शून्य रुपये. खाली दुकानाचा शिक्का मारला. जरा वाकडा लागला म्हणून दुसऱ्यांदा परत मारला.