पहिला जीवाश्म कोणता घ्यावा? ट्रायलोबाइट, अमोनाइट, मासा, दात की तृणमणी

माझ्या टेबलावर दोन ट्रायलोबाइट, म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेल्या कवचवाल्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म, शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही मोरोक्कोचे म्हणून घेतलेले, दोन्ही फॅकॉप्सच्या कुळातले. डावीकडचा देखणा आहे. काळाभोर, गुळगुळीत, अंगावर एक चीर नाही. उजवीकडच्याच्या पाठीवरून एक तिरपी रेघ गेलीय, ती तशीच पुढे खडकातही उतरलीय आणि एका गालाचा टवका उडालाय. घरी येणारा प्रत्येक जण आधी डावीकडचा उचलतो. मीही आधी तोच घेतला होता. दहापट भिंगाखाली बघितलं तर त्याच्या डोळ्यावर नेत्रभिंगांच्या रांगा नाहीत, नुसते पुसट उंचवटे आहेत. शेपटीजवळ टाचणीच्या टोकाएवढे तीन गोल खड्डे आहेत. साच्यात रेझिन ओतताना अडकलेल्या हवेचे ते बुडबुडे. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, आणि घेताना काय विचारायचं असतं तेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून आधी शब्द पक्के करू, कारण ‘खरा की खोटा’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. मूळचेच तुकडे चिकटवले असतील तर ती डागडुजी. नसलेला भाग पुट्टीने किंवा रेझिनने बनवला असेल तर ती भर. दोन-तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे अवयव जोडून एक केलेला असेल तर तो जोड-नमुना. आणि सगळाच साच्यातून काढलेला असेल तर ती नक्कल. डागडुजीत काहीच वावगं नाही. भरसुद्धा चालते, पण ती किती आणि कुठे हे विकणाऱ्याने आधी सांगितलं पाहिजे. न सांगता केलेली भर म्हणजे फसवणूक, मग नमुना नव्वद टक्के अस्सल का असेना.

ट्रायलोबाइट. पाचांमध्ये सगळ्यात मोहक आणि सगळ्यात धोक्याचा हाच. मोरोक्कोत अल्निफ, एर्फूद, रिसानी या भागात साधारण ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकातून हे निघतात. कामगार हातोड्याने दगड फोडत जातो. ट्रायलोबाइट असतो तो दगडाच्या पोटात, त्यामुळे तो ‘सापडतो’ म्हणजे बहुतेक वेळा फुटतोच. फुटलेल्या कडेवर कवचाची एक बारीक गडद रेषा दिसते. मग दोन्ही तुकडे चिकटवायचे आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीने वरचा खडक तासन्‌तास कोरून काढायचा. ही पद्धत एकदा समजली की चीर हा दोष वाटत नाही, ती जन्माची खूण वाटते. चीर खडकातून येऊन प्राण्याच्या अंगावरून सरळ पलीकडे गेली पाहिजे. खडकाला चीर आहे पण प्राण्याच्या कडेशी येऊन ती थांबते, असं दिसलं तर प्राणी वरून बसवलेला असण्याची शंका घ्या.

कॅम्ब्रोपॅलाससारखे तळहाताहून मोठे, स्वस्त ट्रायलोबाइट तर पहिल्या खरेदीत नकोतच. त्यांच्यात प्लास्टरचं काम फार चालतं. डिक्रॅन्युरस, वॉलिसेरॉप्स हे काटेवाले प्रकार अस्सल असले तरी काटे नंतर बनवलेले असू शकतात. कोरकामाच्या मधल्या टप्प्यांचे फोटो नसतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मादागास्करचा कापलेला अमोनाइट. अमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणारा, नामशेष झालेला समुद्री प्राणी. मी कुणालाही पहिल्यांदा हाच सुचवतो. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा क्लिओनिसेरास मधोमध कापून, घासून, दोन अर्धांच्या जोडीने विकतात. आतले कप्पे, त्यांच्या वळणदार भिंती, मधेच कॅल्साइटचे स्फटिक, हे सगळं उघड्यावर असतं. असा नमुना मुळापासून बनवणं परवडण्यासारखं नाही, म्हणून पूर्ण नक्कल क्वचित. ट्रायलोबाइटमध्ये तुम्ही पृष्ठभागावर विश्वास ठेवता, इथे पोट उघडं असतं. फरक एवढाच, पण खिशाच्या दृष्टीने फार मोठा.

तरी दोन्ही अर्ध समोरासमोर धरून बघाच. डाव्यातल्या पाचव्या-सहाव्या कप्प्यात पोकळी असेल तर उजव्यातही तिथेच, आरशात दिसावी तशी हवी. करवतीच्या पात्याएवढा भाग झिजून जातो, तेवढा फरक पडणारच. आकृती जुळतच नसेल तर दोन वेगळ्या अमोनाइटांचे अर्ध एकत्र बांधलेत. भर असते ती बहुधा बाहेरच्या कडेला, तोंडाकडच्या शेवटच्या वेढ्यावर. तिथे शिंपल्याची चमक अचानक संपून मंद, एकसारखा रंग सुरू होतो. सगळ्यावर रेझिनचा जाड चकचकीत थर असेल तर त्याखाली काय आहे ते विचारा.

अमेरिकेतल्या वायोमिंगचा मासा. केमरर गावाजवळच्या खाजगी खाणींतून नाइटिया नावाचा छोटा मासा इतका निघतो की खोटा बनवण्यात कुणाला फायदा नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यातला हा मासा फिकट खडकावर तपकिरी उमटलेला असतो. अमोनाइटच्या खालोखाल माझी पसंती याला. इथे लबाडी असते ती रंगाची: पर पुसट असले की ब्रशने गडद करतात. भिंगाखाली प्रत्येक मणका सुटा दिसावा. रंग काट्याची कड ओलांडून खडकाच्या छिद्रांत उतरला असेल तर तो ब्रशचाच. मोठ्या माशांत मात्र जपून, कारण मोठी लादी तुटते आणि शेपूट दुसऱ्याची लागते.

मोरोक्कोचे दात. खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींतले मोसासॉरचे (नामशेष झालेल्या अजस्र समुद्री सरड्याचे) सुटे दात भरपूर मिळतात आणि बहुधा खरे असतात. सुटा दात घ्या, ‘खडकात रुतलेला जबडा’ घेऊ नका. तो ‘खडक’ म्हणजे पुष्कळदा वाळू आणि गोंद, त्यात वेगवेगळ्या जनावरांचे दात टोचलेले. केम केम भागातल्या स्पायनोसॉर या डायनोसॉरच्या लांबलचक दाताच्या मधोमध वाळूचा पट्टा असेल तर त्याखाली सांधा दडलेला असू शकतो. वरचं टोक एकाचं, खालचा बुंधा दुसऱ्याचा.

कीटक असलेला तृणमणी, म्हणजे अंबर, झाडाची कोट्यवधी वर्षांपूर्वीची घट्ट झालेली राळ. पहिल्या खरेदीत नकोच, असं माझं ठाम मत. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत पाण्यात घाला, त्यात तृणमणी तरंगतो, काच आणि बेकेलाइट बुडतात. इथवर सगळे सांगतात. पण कोपाल, म्हणजे अगदी अलीकडची झाडाची राळ, तीही तरंगते आणि पॉलिस्टायरीनही. ॲसिटोनचा थेंब टाकला तर कोपाल चिकट होतो, पण मण्यावर डाग पडतो आणि कुठला दुकानदार ते करू देईल? त्यातून मणी अस्सल असला तरी कीटक अस्सल असेलच असं नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक तृणमण्यातली एक माशी होती. हेनिग या नामवंत कीटकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तिचा अभ्यास करून ती खरी मानली. १९९३ मध्ये उलगडा झाला की कुणीतरी मणी कापून, आत कोरून आजची साधी माशी बसवली होती. संग्रहालयात हे होतं, तर मोबाइलवरच्या फोटोवरून तुम्ही-आम्ही काय ओळखणार? घ्यायचाच तर बारकी चिलटं असलेला घ्या, ज्यात पाय तुटलेत, शेजारी हवेचे बुडबुडे आहेत, ओकच्या झाडाचे चांदणीसारखे केस आहेत. मधोमध ऐटीत बसलेला विंचू नको.

जाणकारही फसतात हे मनावर ठसावं म्हणून आणखी दोन प्रकरणं. १९९९ मध्ये गाजलेला चीनचा ‘आर्किओरॅप्टर’ जोड-नमुना निघाला: शेपूट एका डायनोसॉरची, धड एका प्राचीन पक्ष्याचं. ब्राझीलच्या एका डायनोसॉरच्या कवटीचं नाक कुणीतरी गाडीला लावायच्या पुट्टीने लांबवलं होतं. ते लक्षात आल्यावर अभ्यासकांची इतकी चिडचिड झाली की १९९६ मध्ये त्यांनी त्याचं नावच ‘इरिटेटर’ ठेवलं. ब्राझीलमध्ये जीवाश्म ही सरकारची मालमत्ता आहे, त्यामुळे तिथला नमुना अस्सल असला तरी घेऊ नये.

पत्ताही खोटा असू शकतो, आणि भारताला हे कडू अनुभवाने माहीत आहे. हिमालयात सापडले म्हणून शोधनिबंधांत छापलेले कित्येक जीवाश्म दुसरीकडचेच असल्याचा आरोप ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये पुराव्यांसकट मांडला. त्यांतले काही मोरोक्कोच्या बाजारी मालाशी जुळत होते. ठिकाण लिहिलेलं नसेल तर तो नमुना नुसता शोभेचा दगड उरतो.

आपल्याकडे देवघरात शाळिग्राम असतोच. काली गंडकीच्या पात्रातला चक्राचा शाळिग्राम हा काळ्या गोट्यातला अमोनाइट. नवा घेत असाल तर चक्राच्या कडा तिरप्या उजेडात बघा. नदीने झिजवलेल्या कडा कमी-जास्त असतात, कोरलेली खाच एकसारखी खोल जाते.

हल्ली मी पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एवढंच लिहितो: ‘कुठे चिकटवलंय, कुठे भर घातलीय, रंग लावलाय का, ठिकाण कोणतं, हे बिलावर लिहून द्याल का? आणि मागच्या बाजूचा, अतिनील टॉर्चखालचा फोटो पाठवाल का?’ त्या उजेडात गोंद आणि रेझिन बहुधा खडकापेक्षा वेगळे चमकतात. काही जण उत्तरच देत नाहीत. उजवीकडचा ट्रायलोबाइट ज्याने विकला त्याने उलट टपाली लिहिलं: अल्निफ, दोन तुकडे चिकटवलेले, भर नाही, डावा गाल गेलेला. सोबत कोरण्याआधीच्या दगडाचा फोटो होता. करड्या खडकाच्या फुटलेल्या कडेवर केसासारखी एक काळी, वळलेली रेषा.