टेलिस्कोपिक फोल्डिंग स्टूल : गणपतीच्या गर्दीत जाऊन-येऊन वापरलंय, मग लिहितोय

आधीच सांगतो, घरातल्या टाईल्सवर स्टूल ठेवून त्यावर एकदा बसून लिहिलेला हा रिव्ह्यू नाही. 2025 च्या ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनापासून कोकणात कणकवलीपर्यंत आणि गौरी-गणपती झाल्यावर परत, असं दोन्ही वेळा जनरल डब्यातून नेलंय. त्यामुळे ज्यांना "हे गाडीत चालतं का" एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी हे आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण एकच पीस दहा नावांनी विकतात, वरचा स्टिकर तेवढा वेगळा.

घ्यायची वेळ का आली ते सांगतो. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी, म्हणजे शनिवारी 23 ला निघालं की सगळं नीट जमतं, पण हे डोक्यात आलेला मी एकटा थोडाच होतो. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 दिवस होते ते नोव्हेंबर 2024 पासून कमी झालंय, म्हणून 24 जूनला सकाळी आठच्या ठोक्याला मी आणि बायको दोघं दोन मोबाईल घेऊन बसलो आणि चहा निवेपर्यंत आमच्या हातात वेटिंग. ते वेटिंग चार्ट लागेपर्यंत हलेल या आशेवर दोन महिने काढले. ऑनलाईन तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं की आपोआप कॅन्सल होतं आणि पैसे परत येतात, त्या पैशाचं काय करू, गावाला जायचंय मला. तत्काळला पण हात मारला, नाही लागलं. शेवटी बायको-पोरं तिच्या भावाच्या गाडीतून गेली, त्यात मखराचं सामान, रव्याची पिशवी, लाईटच्या माळा आणि माझ्या मेव्हण्याचा कुत्रा धरून जागा संपली. मी राहिलो.

म्हणून हे स्टूल. 849 रुपयांना पडलं. बंद असताना चपट्या डब्यासारखं दिसतं, वीतभर रुंद आणि चार बोटं उंच, वजन किलोभर, खांद्याला अडकवायला पट्टा आहे. वर धरून ओढलं की आतल्या चकत्या एकातून एक बाहेर येतात, मग थोडं फिरवायचं, खट् आवाज येतो, झालं स्टूल. साधारण घरच्या मोरीतल्या स्टुलापेक्षा थोडं उंच होतं. बॉक्सवर 150 किलो लिहिलंय. मी 84.

आता फलाटावरचं. इथे मात्र पैकीच्या पैकी मार्क. रात्री दीडला पोचलो, गाडी पहाटेची, आणि माझ्या आधीच ही एवढी लाईन. लोक पेपर टाकून, चादर टाकून बसलेले, एका ग्रुपने तर चक्क चटई आणलेली. पाऊस तिरका येत होता त्यामुळे पत्र्याखालचा अर्धा फलाट ओला. मी डबा खांद्यावरून काढला, ओढला, फिरवला, बसलो. चार तास. कंबर दुखली पण पँट कोरडी राहिली, हे ज्याने पावसाळ्यात फलाटावर रात्र काढलीय त्यालाच कळेल. पाच मिनिटांत मागचे काका, "केवढ्याला घेतलंत ओ?" मग त्यांनी बसून बघितलं, मग त्यांच्या मुलाने, मग लाईनीतल्या एका ताईंनी, त्यांच्या मांडीवर बाळ होतं म्हणून मी मग तासभर त्यांनाच दिलं. बसल्या बसल्या ते बाळ झोपलं. तेवढ्यासाठी पण वसूल म्हणायला हरकत नाही.

गाडी लागली. आणि इथून पुढे जाहिरातीतला व्हिडिओ विसरा.

त्या व्हिडिओत एक माणूस डब्यात ऐसपैस उभा असतो, हसत हसत स्टूल उघडतो आणि खिडकीजवळ बसतो. ज्याने तो बनवलाय तो चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी दिव्याला आला नसणार. नव्वद-शंभर सीटचा डबा, त्यात किती माणसं चढली ते मोजायला हात मोकळा हवा ना. स्टूल उघडायला वीतभर जमीन लागते, पाय टेकवायला आणखी हातभर, आणि माझे स्वतःचे दोन पाय दोन वेगवेगळ्या लोकांच्या बॅगांच्या मध्ये होते. वर खांद्याला लटकलेला तो डबा गाडी हलली की पुढच्या माणसाच्या पाठीत लागायचा. पनवेलला आणखी लोक चढले. "ओ भाऊ, तो डबा खाली घ्या", खाली घ्यायला खाली दिसत तर पाहिजे. पेण गेलं, रोहा गेलं, मी उभाच, 849 रुपये गळ्यात.

माणगावला दोन कुटुंबं उतरली तेव्हा दाराच्या आतल्या पॅसेजमध्ये, बेसिनच्या बाजूला थोडी जागा झाली. उघडलं. बसलो. पहिली दहा मिनिटं एकदम राजा. मग एकेक गोष्ट कळायला लागली.

एक तर वाट अडते. संडासला जाणारा प्रत्येक माणूस, चहावाला, वडापाववाला, आणि आपल्या पोराला शोधणारी एक आई, सगळ्यांसाठी उठायचं. प्रत्येक वेळी स्टूल उचलायचं, भिंतीला चिकटायचं, परत ठेवायचं. अर्ध्या तासात मी अकरा वेळा उठलो, मोजलं, कारण दुसरं काही काम नव्हतं.

दुसरं म्हणजे हे लॉक. हा मुद्दा नीट वाचा, कारण रिव्ह्यूंमध्ये कोणी लिहीत नाही. प्रत्येक चकतीला कडेने दाते असतात, ते फिरवून एकमेकांत बसतात, म्हणजेच उलटं फिरवलं की सुटतात. घरी आपण सरळ बसतो. गाडीत आपण सरळ बसत नाही, डबा डावी-उजवीकडे झुलतो, कोणी आलं की आपण गुडघे एका बाजूला वळवतो, आणि त्या वळण्याबरोबर वरची सीट पण गचागच फिरते. वीरच्या पुढे कुठेतरी मी एका आजोबांना जागा द्यायला डावीकडे वळलो आणि खट् खट् खट्, तीन चकत्या आत गेल्या आणि मी लिफ्टसारखा खाली. लागलं नाही, पण तोल सावरायला कडेला धरलेलं माझं बोट दोन चकत्यांच्या मध्ये आलं, नख काळंनिळं झालं ते अजून तसंच आहे. सगळा पॅसेज हसला. मी पण हसलो, काय करणार. मग परत बसताना प्रत्येक चकती हाताने दाबून बघायची सवय लावली, आणि लहान पोरं आजूबाजूला असतील तर उघडायचंच नाही हे ठरवलं. माझं बोट होतं म्हणून निभावलं.

तिसरं, खालचा तळ गुळगुळीत आहे. बेसिनमधलं पाणी आणि लोकांच्या चपलांचा चिखल यावर तो कॅरमच्या सोंगटीसारखा सरकतो. रबराचे चार तुकडे चिकटवले असते तर कंपनीचे पाच रुपये गेले असते.

वीरपर्यंत रूळ दुहेरी आहेत, ते काम 2021 ला झालं, पुढे बहुतेक एकेरी, त्यामुळे समोरून गाडी यायची असली की एखाद्या स्टेशनात थांबणं आलंच. त्यात पावसाळी टाईमटेबल, वेग कमी. 2025 ला गणपतीसाठी 380 स्पेशल फेऱ्या जाहीर झाल्या, 2024 ला 358 होत्या, 2023 ला 305. फेऱ्या वाढतायत हे चांगलंच, पण रूळ तेवढेच, मग क्रॉसिंग वाढणार हे कोणालाही कळेल. अशाच एका क्रॉसिंगला खेडच्या अलीकडे गाडी उभी होती आणि मी कंटाळून स्टूल बंद केलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर तसाच बसलो.

आणि अहो, हेच! बंद करून बसायचं! चार बोटं उंच पाट होतो. सगळ्या चकत्या एकात एक बसलेल्या असतात, सुटायला काही राहतच नाही, सरकत कमी, कोणाला अडथळा नाही, आणि मुख्य म्हणजे खालचं पाणी पँटला लागत नाही. पाय पोटाशी घेऊन पाठ पार्टिशनला टेकली की डुलकी पण लागते. आपण लहानपणी पाटावर जेवायला बसायचो तसंच. चिपळूणला बराचसा डबा उतरला तरी मी पाटावरच. करबुडेच्या बोगद्यात गाडी शिरली, साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आत ती दमट गरम हवा आणि कानठळ्या, आणि त्या आवाजातच पलीकडच्या मंडळींनी टाळ काढले. ढोलकी वरच्या रॅकवर सामानाखाली अडकलेली. त्यातल्या एकाने माझ्या बुडाखालच्या वस्तूकडे बोट दाखवलं. दिलं काढून. बंद स्टूल पालथं घालून पोराने त्यावर असा ठेका धरला की रत्नागिरीपर्यंत मला ते परत मिळालं नाही. आवाज थोडा बसका आहे, पण भजनाला चालतो.

कणकवलीला उतरलो तेव्हा संध्याकाळ. घरी पोचल्यावर आयेने गळ्यातली वस्तू बघितली, "ह्यो डबो कसलो हाडलस?" उघडून दाखवलं. ती त्यावर बसली, उठली, परत बसली. तिचे गुडघे गेलेत, पाटावर बसून मोदक वळणं बंद झालंय दोन वर्षं. त्या दिवसापासून आरतीला, तांदूळ निवडायला, अंगणात कोण आलं-गेलं बघायला, सगळीकडे तेच. घराच्या जमिनीवर लॉक एकदाही सुटलं नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, वजन कमी, हालचाल सरळ, गाडीसारखे झोल नाहीत. फक्त उठताना कडेला धरून जोर द्यायचा नाही, हे तिला चारदा सांगितलं.

येताना 3 सप्टेंबरला, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, परत तीच कथा, उलट जास्त, कारण कणकवलीला गाडी येते तीच सावंतवाडी-कुडाळवरून भरून. यावेळी मी शहाणा झालो होतो. चढतानाच डबा पोटाशी धरला, पाठीला नाही, आत सरकलो आणि जागा मिळाली तिथे उघडायच्या भानगडीत न पडता पाट टाकला. माझ्या शेजारी एकाने तीन पायांची कापडी तिपाई आणलेली, तिचं कापड राजापूरच्या आधीच शिवणीत उसवलं. दुसऱ्या एकाने दोन रॅकना चादरीची झोळी बांधून त्यात पोराला झोपवलं होतं. त्या झोळीपुढे आपले सगळे शोध फिके.

कोण घेऊ नये ते पण सांगतो. कन्फर्म सीट असेल तर नका घेऊ, नुसतं ओझं. वजन शंभरच्या पुढे असेल तर बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो, उघडून गाडीत बसू नका. दाराजवळ उघडून तर कोणीच बसू नका, लॉक सुटलं तर माणूस कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही. आणि लोकलमध्ये गर्दीच्या वेळेला काढाल तर लोक तुम्हाला स्टुलासकट खाली उतरवतील.

घेतलंच तर दोन गोष्टी करा. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून तळाला चिकटवा, मी परत आल्यावर केलंय, आता बाथरूममध्ये ओल्या फरशीवर पण सरकत नाही. आणि पट्टा बदला, सोबत येतो त्याची शिलाई कच्ची आहे, माझा परतीच्या प्रवासात पेणला तुटला, आता जुन्या लॅपटॉप बॅगचा लावलाय.

पाचपैकी साडेतीन. फलाटासाठी पाच, डब्यात उघडून दीड, डब्यात बंद करून चार, सरासरी काढायला गणित माझं कच्चं आहे.

आयेसाठी दुसरं मागवलंय, ते सध्या डोंबिवलीत माझ्या कपाटावर पडून आहे, कारण कुरिअर कणकवलीपर्यंत जातं, पुढे वाडीत कोणी येत नाही. फोन केला की पहिला प्रश्न तोच, "माझा स्टूल खंय पावला?" दिवाळीत आमच्याकडे कोण जाणारं असेल तर सांगा, किलोभर वजन आहे, आणि वाटेत बसायला पण होईल. बंद करून.